न बांधलेल्या मजल्याचं वजन

घरावर मजला चढवायचा की नाही ते ठरवण्याआधी एकदा घराला विचारून घ्यावं, असं इंजिनिअरबाई म्हणायच्या. लोकांना वाटायचं, बाई गमतीनं बोलतात. पण बाईंचा आणि गमतीचा फारसा संबंध नव्हता. अठ्ठावीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. कुणाला भिंत काढायची असते, कुणाला खोली वाढवायची असते, कुणाला वर मजला हवा असतो. बाई जायच्या, हातोडीनं ठोकून, दोरी ताणून, पाया उकरून बघायच्या आणि दोन पानांत लिहून द्यायच्या, जमेल किंवा जमणार नाही. जमणार नाही म्हटल्यावर माणसं रडली, भांडली, एकानं तर चहाचा कप आपटला होता. बाई पिशवी उचलून शांतपणे बाहेर पडायच्या. घर आपलं नाही आणि भांडणही आपलं नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते बाईंच्याच तोंडून कळलेलं आहे. आणि बँकेत रांग केवढी होती ते सांगावं, तितक्या कोरड्या आवाजात त्यांनी ते सांगितलं.

त्या घराचं बोलावणं आलं सोमवारी सकाळी. गल्लीच्या टोकाला बैठं घर, तीस वर्षांचं. वर सपाट गच्ची, गच्चीवर जायला बाहेरून उघडा जिना, मागं बऱ्यापैकी अंगण. घरमालकीण दारातच उभी होती. ती इस्पितळात औषधांच्या खिडकीवर काम करायची, त्यामुळं बोलणं नेमकं, हळू आणि एकदाच.

"आई-बाबांचं घर नव्या रस्त्यात जातंय. पाच महिन्यांत खाली करून द्यायचंय. त्यांना इथं आणायचंय आणि इथं जागा नाही. वर दोन खोल्या आणि न्हाणीघर होईल का, एवढंच सांगा."

"वयस्कर माणसं जिना चढणार?" बाईंनी विचारलं.

"ते खालीच राहतील. वर आम्ही जाऊ."

तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकून त्याच्या कपाळावर कायमची एक आठी बसली होती, तोंड मात्र हसरं. "म्हणजे सासरेबुवांच्या डोक्यावर जावई," तो म्हणाला. "इतके दिवस लोक मागून बोलायचे, आता नकाशातच येईल."

बायकोनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो चहा टाकायला आत गेला.

बाईंबरोबर त्यांचा नेहमीचा मिस्त्री होता. उंच, सडपातळ, आणि उभा राहिला की तसूभर झुकायचा नाही, म्हणून भिंतीची सरळ रेघ बघायच्या लोंबत्या दोरीवरून कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं. वीस वर्षं तो बाईंबरोबर होता आणि या वीस वर्षांत दोघं कामाखेरीज काही बोलले असतील तर ते पावसापाण्याबद्दल.

पहिले दोन तास सगळं मनासारखं झालं. हे घर मुळात एका कंत्राटदारानं स्वतःसाठी बांधलेलं. सहा वर्षांपूर्वी विकताना त्यानं जुने नकाशेही नव्या मालकांच्या हवाली केले होते. नकाशात वरचा मजला काढलेला होता, पाया आणि खांब त्याच हिशेबानं भरलेले होते. गच्चीवर खांबांच्या सळ्याही वर काढून ठेवलेल्या, गंजू नयेत म्हणून त्यांना कच्च्या सिमेंटचे गोळे फासलेले. हातोडी मारली की काँक्रीट खणखणीत वाजत होतं.

"म्हणजे सुटलो," मुद्रितवाला म्हणाला.

दिवाणखान्याच्या मधल्या तुळईखाली बाईंनी आणि ओळंब्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. रिकामी गच्ची पेलणारी तुळई मधोमध थोडी लवते. चार मिलिमीटर, फार तर पाच. बाईंनी पट्टी लावली. अठरा.

त्यांनी दोरी सोडवून पुन्हा ताणली. अठरा. स्वयंपाकघरात सोळा. मग भिंतींवरचे तडे त्यांनी नीट पाहिले. तेही सगळे वरून दाब आल्यासारखे, उभे. मागं ओळंबा पायाच्या खड्ड्यात उतरला होता. त्यानं हाक मारली.

"बाई, जमीन दबलीय. चांगली दोन बोटं." खड्ड्यातून मान वर करून त्यानं विचारलं, "या घरावर आधी मजला होता का? पाडलेला?"

बाई पुन्हा गच्चीवर गेल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी कोबा तपासला. एकसंध, मूळचा. भिंत उभी राहून गेली असती तर तिची खूण राहिली असती, आणि खूण कुठंच नव्हती. काहीतरी जुळत नव्हतं. पण काय, ते कळेना.

"दोन-चार दिवस छताची हालचाल मोजावी लागेल," त्यांनी खाली येऊन सांगितलं. "मग वर पाण्याच्या टाक्यांचं वजन ठेवून बघू. त्याआधी मी काही सांगणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी तुळईला तीन जागी बारीक तारा चिकटवून खाली सोडल्या. एक दाराजवळ, एक मधोमध, एक खिडकीकडं. प्रत्येक तारेला वजन, आणि डोळ्यांच्या उंचीवर घड्याळासारखी, बारीक घरं आखलेली तबकडी. तुळई केसाइतकी जरी खाली आली तरी काटा पुढं सरकायचा. घरमालकिणीनं आवराआवरीसाठी आठ दिवस रजा घेतलीच होती. दर अर्ध्या तासानं तिन्ही आकडे वहीत लिहायचे, एवढं काम बाईंनी तिच्यावर सोपवलं.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, दुपारी एकला तिन्ही काटे पुढं जातात. चार वाजता परत येतात. दोन्ही दिवस तसंच झालं."

"उन्हानं होतं थोडंफार."

"होय, मीही तसंच म्हटलं. पण हे थोडंफार नाही. मधला एकदम वीस घरं जातो. आणि..." ती थांबली. "जायच्या आधी थरथरतो."

फोन ठेवल्यावर बाईंनी मनात हिशेब मांडला. उन्हानं गच्ची तापली की छप्पर वर फुगतं, घड्याळाच्या तासकाट्यासारखं, कळणारही नाही असं. म्हणजे दुपारी काटा हळूहळू मागं जायला हवा. हा झटक्यानं पुढं जात होता.

गुरुवारी साडेबाराला त्या ओळंब्याला घेऊन हजर झाल्या. मुद्रितवाला कामावर गेलेला. बाहेर रखरखीत ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावलेलं होतं, मध्ये फक्त त्या तीन तारा. घरमालकीण वही घेऊन आतल्या दारात उभी राहिली. बाई मधल्या तबकडीसमोर स्टूलवर बसल्या; तिथून दोन्हीकडचे काटे दिसत होते. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं, दुसरा आवाज नाही.

एक वाजला.

दाराजवळचा काटा हलला. पाच घरं पुढं गेला आणि मागं आला. त्याच्या मागोमाग मधला. मग खिडकीकडचा. पुन्हा मधला. बाईंनी जन्मभर असे काटे पाहिले होते. वरून माणूस चालत गेला की काटे असेच हलतात.

"गच्चीवर कुणी गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणार?" घरमालकीण म्हणाली. "जिन्याच्या फाटकाला कुलूप आहे."

किल्ली घेऊन ओळंबा गेला. त्याची पावलं जिन्यावर वाजली, वर गेली, आणि दाराजवळचा काटा सहा घरं सरकला. हा ओळंबा. बाईंनी फोन लावला.

"कोण आहे वर?"

"कुणी नाही बाई."

"मधोमध जा आणि गप उभा राहा. अजिबात हलू नकोस."

मधला काटा सहा घरं पुढं गेला आणि स्थिरावला. त्यावर बाईंची नजर खिळली. दाराजवळचा काटा हलत होता. खिडकीकडचाही. एक चाल सावकाश, मध्येच थांबणारी, थकल्या माणसाची. दोन नेहमीच्या. आणि एक अगदी हलकी, दोन-दोन घरांची, पण या टोकाकडून त्या टोकाकडं भरभर जाणारी. हे मूल आहे, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.

"बाई..." फोनमधून ओळंबा बोलला. "माझा आवाज येतोय का तिकडं?"

आवाज येत होता, पण घुमत होता. बिनसामानाच्या बंद खोलीत घुमतो तसा.

"तू जिन्यात आहेस का?"

"नाही. मधोमध आहे. उघड्यावर." तो जरा थांबला. "उघड्यावरच आहे मी, बाई."

"ऊन आहे ना तिथं?"

"ऊन... दिसतंय. लागत नाहीये."

आतल्या दारात घरमालकिणीनं वही छातीशी धरली. बाईंचा आवाज जसाच्या तसा राहिला. "ठीक आहे. खाली ये."

मधला काटा हलला. ओळंब्याची सहा घरं खिडकीकडं सरकली, जिन्याच्या उलट्या बाजूला. तिथं थांबली. मग हळूहळू कडेकडेनं, अंधारात भिंत चाचपत जावं तशी तिथल्या तिथंच सरकत राहिली.

"बाई," फोनवर आता तो कुजबुजत होता. "दार कुठल्या बाजूला होतं?"

त्या गच्चीला दार नव्हतं. चार बाजूंना गुडघाभर कठडा आणि एका कोपऱ्यात उघडा जिना. त्या कठड्यावरून पाय गेला तर खाली फरसबंदी होती. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐक माझं. डोळे मिटून घे. आता तू खिडकीच्या बाजूला आहेस. मागं वळ. चार पावलं सरळ. हळू... हं. थांब."

मधला काटा सहा घरांवर आला.

"आता डावीकडं जरासा. चल."

"बाई, पुढं कुणीतरी..."

"काय?"

"हात धरल्यासारखं वाटतंय."

बाईंनी पाहिलं. ओळंब्याच्या सहा घरांच्या पुढं, एक पाऊल अंतर राखून, दोन घरांची ती हलकी थरथर चालली होती. दाराजवळच्या काट्याकडं. जिन्याकडं.

"जा तिच्याबरोबर," बाई म्हणाल्या. 'तिच्याबरोबर' असं आपण का म्हणालो, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पावलं जिन्यावर वाजली. ओळंबा दारात आला तेव्हा ताठ माणूस कमरेतून वाकला होता. घरमालकिणीनं पाणी दिलं, ते त्यानं उभ्यानंच संपवलं. त्याचा सदरा कोरडा होता. दहा मिनिटं त्या उन्हात राहून घामाचा थेंब नाही.

"खाली सांगाल ते काम करीन बाई," तो म्हणाला. "वर धाडू नका."

चार वाजता तिन्ही काटे मागं आले आणि गप झाले.

दुसऱ्या दिवशी बाई त्या जुन्या कंत्राटदाराला भेटायला गेल्या. तो आता मुलाकडं राहत होता, चौथ्या मजल्यावर. सुनेनं दार उघडलं, खुर्ची दिली, आणि 'फार बोलायला लावू नका, दम लागतो' असं बजावून ती आत गेली. म्हातारा खिडकीशी बसला होता. घराचं नाव काढल्यावर त्यानं बाईंच्या पिशवीकडं पाहिलं.

"किती लवलीय तुळई?"

"अठरा."

"माझ्या वेळी पंधरा होती," तो म्हणाला.

बाईंनी सरळ विचारलं, "वरचा मजला कधी बांधला होता का?"

"नाही. एक वीटसुद्धा नाही." त्यानं दम घेतला. "भावासाठी काढला होता नकाशात. धाकटा भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी. आईही त्यांच्याकडंच असायची. तिकडचं घर मोडून सगळं सामान घेऊन निघाले होते. मजला होईपर्यंत सगळे खालीच राहणार होतो. दुपारी एकला पोचतो म्हणाला होता. आम्ही ताटं मांडून बसलो होतो."

"मग?"

"चार वाजता निरोप आला. ट्रक पुलावरून खाली गेला."

आत कुठंतरी भांडं वाजलं. म्हातारा बोलत राहिला.

"मजला बांधून मग करायचं काय? तसाच राहू दिला. वर्षभरानं बायको म्हणाली, अहो, छताला पोट आलंय. मी म्हटलं, माझं बांधकाम आहे, पोट येणार नाही. दोरी लावून पाहिली..." त्यानं हात हलवला. "चोवीस वर्षं राहिलो आम्ही तिथं. त्रास म्हणाल तर कसलाच नाही. आपलीच माणसं."

"घर विकताना यांना सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? गच्ची रिकामी आहे. तुम्ही स्वतः पाहिलीत ना?"

बाईंनी नमस्कार केला आणि त्या उठल्या.

अहवाल लिहायला त्यांना एरवी तासभर लागायचा. या वेळी तीन दिवस लागले. शेवटी त्यांनी जे मोजलं तेवढंच लिहिलं. काँक्रीट उत्तम. पाया नकाशाप्रमाणं. आणि मग: 'एका मजल्याचा भार या घरावर सध्या आहे. आणखी एक मजला हे घर पेलणार नाही.'

मुद्रितवाल्यानं कागद हातात घेतला आणि सवयीनं पेन काढलं. "इथं चूक राहिलीय मॅडम. 'भार सध्या आहे' कसं? 'असल्यासारखा आहे' हवं."

"चूक नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग पेन खिशात ठेवलं. त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

घरमालकीण मात्र भडकली. इतके दिवस मोजून-मापून बोलणारी बाई, पण आवाज चढला. "म्हणजे जे नाहीच त्याच्यासाठी माझ्या आई-बाबांनी रस्त्यावर यायचं? दोन आठवडे गेले माझे. त्यांना मी काय सांगू? आमच्या घरावर आधीच कुणीतरी राहतंय म्हणून?"

"मागं अंगण आहे," बाई म्हणाल्या. "तिथं दोन खोल्या काढा. स्वतःचा पाया, स्वतःचे खांब. जुन्या भिंतीला कुठंही टेकवायच्या नाहीत, मध्ये बोटभर फट ठेवायची. ते जमेल. मी नकाशा करून देते."

"आणि हे?" तिनं छताकडं बोट केलं.

"हे जसं आहे तसं राहू द्या. त्यांना जास्त काही नकोय."

'त्यांना' हा शब्द बाईंच्या तोंडून निसटला. कंत्राटदाराकडं काय ऐकलं ते बाईंनी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं त्या नंतर म्हणायच्या. पण बायको डोळे पुसत होती, नवरा अंगण मोजायला गेला होता, आणि विचारलं कुणीच नाही.

खोल्या मुदतीत झाल्या. ओळंब्यानं सगळं काम केलं, पण रोज साडेबाराला डबा घेऊन तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा आणि चारनंतर परतायचा. मागं खणताना जुन्या घराला धक्का बसतोय का ते कळावं म्हणून मधली तबकडी तशीच ठेवली होती. काम संपल्यावर ती काढायची राहून गेली. आई-बाबा आले, त्यांचं बस्तान बसलं, असं मुद्रितवाल्यानं फोनवर कळवलं. सासरेबुवा खूश होते. त्यांनी आल्या आल्या अंगणात उरलेल्या वीतभर जागेत मिरच्या लावल्या होत्या.

तीन महिन्यांनी बाईंना दुसऱ्या कामासाठी तबकडी हवी झाली. रविवार होता. त्या पोचल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. नवरा बाजारात गेला होता. घरमालकिणीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती वाळली होती. दिवाणखान्यात तबकडीसमोर तेच स्टूल, आणि स्टूलवर वही.

"अजून लिहिताय?" बाईंनी हळूच विचारलं.

"रविवारी. रजा असली की." तिनं वही पुढं केली. "मला वेड लागलंय असं वाटलं तर तसं सांगा. पण आधी हे बघा."

बाईंनी पानं उलटली. पूर्वी दुपारचा आकडा वीसवर असायचा. आता तीस होता. प्रत्येक रविवारी तीस.

"आई-बाबा दीडला जेवतात आणि मागच्या खोलीत आडवे होतात," ती कुजबुजली. "त्यांना झोप लागली की पाच-सात मिनिटांत हा पुढं सरकतो. आधी पाच घरं. मग आणखी पाच. मी कितीतरी वेळा जाऊन पाहिलंय, दोघं आपापल्या खाटेवर असतात. श्वास चालू असतो. आणि चार वाजता आधी हा उतरतो. मग ते उठतात."

बाई मागं गेल्या. खोलीचं दार उघडं होतं. पंखा फिरत होता. दोन खाटांवर दोन वयस्कर माणसं गाढ झोपली होती. म्हाताऱ्याचं तोंड किंचित उघडं, म्हातारीचा हात उशीखाली. खोली स्वतःच्या पायावर उभी, जुन्या भिंतीपासून बोटभर सुटी. तिचं वजन त्या तुळईवर जायची सोयच नव्हती. बाईंनीच ती ठेवली नव्हती.

त्या परत येऊन तबकडीसमोर बसल्या. "त्यांना काही त्रास?"

"कसला? दोघं खूश आहेत. आई म्हणते, इतकी गाढ झोप तिकडं कधी लागली नाही. परवा तर म्हणाली..." घरमालकिणीनं मागच्या खोलीकडं पाहिलं. "म्हणाली, संगतीला चांगली माणसं आहेत."

पुढचा सव्वा तास दोघी काट्यासमोर बसून राहिल्या.

चार वाजले. काटा थरथरला आणि मागं यायला लागला. पाच घरं. पुन्हा पाच. मग आठ, आणि मग ती हलकी दोन. वीस घरं उतरून तो दहावर थांबला. थोड्या वेळानं आणखी पाच घरं मागं आला. मागच्या खोलीतून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला, चपला फरफटल्या, आणि अंगणात मिरच्यांना पाणी घातल्याचा आवाज यायला लागला.

काटा पाचवर होता.

घरमालकिणीनं बाईंचा दंड धरला. चार वाजून सात मिनिटं. नऊ. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. "आई एवढा वेळ नाही लावत कधी," ती म्हणाली. "कधीच नाही... मी बघून येऊ?"

ती उठली, तेवढ्यात मागच्या दारात पावलं वाजली. म्हातारी आत आली. केस बांधत, गालावर उशीची घडी उमटलेली, चेहरा प्रसन्न.

"काय बघताय गं दोघी एवढं?" तिनं विचारलं.

मुलीनं आईकडं पाहिलं, मग तबकडीकडं. बाईही तबकडीकडंच बघत होत्या. म्हातारी चालत त्यांच्या अगदी जवळ आली, बाईंच्या हातातली वही घेऊन तिनं नीट टेबलावर ठेवली, आणि खुर्चीत टेकत म्हणाली, "चहा टाकतेस ना?"

काटा पाचवरून हलला नव्हता.